आठ हजारांची भिशी आणि गुजरीतली पटाशी

पत्राचा सारांश : बेळगावजवळच्या खानापूरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४६. यजमान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी धारवाडला शिकायला. लॉकडाऊनमध्ये घरातल्या खुर्चीचा मोडलेला पाय त्यांनी स्वतः बसवला आणि तिथून लाकूडकामाची गोडी लागली. मागच्या पडवीत आता त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. हत्यारं बहुतेक बेळगावच्या भंगारवाल्यांकडची, थोडी मोबाईलवरच्या सेलमधली. आतापर्यंत अकरा हजार रुपये गेले. त्यातला ३२ नगांचा स्क्रू ड्रायव्हर संच महिन्याभरात झिजला. सेलमधली ड्रिल बिटं लोखंडावर तापून निळी पडली. ६०० रुपयांना घेतलेल्या, गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) नसलेल्या जुन्या ग्राइंडरची चकती फुटली आणि तुकडा दारात रुतला. नशिबाने कोणाला लागलं नाही. मात्र ८० रुपयांची गंजकी पटाशी, दीडशेचा लोखंडी रंधा आणि ५० रुपयांची दोन फुटी स्टीलची पट्टी अजून रोजच्या कामात आहेत. फक्त टेपने खण मोजून पट्टीने फळी आखली की ती दर वेळी थोडी मोठीच निघते, आणि ‘आपला हातच कच्चा’ असं त्यांना वाटतं. दीर म्हणतात, घराची गुजरी, म्हणजे भंगारखाना केलाय, बंद करा हे. नुकतीच त्यांना आठ हजारांची भिशी लागलीय. त्या विचारतात : या पैशांत ड्रिलसकट १०८ नगांचा तयार संच एकदाच घेऊन टाकावा, की स्वस्तात वेचत राहावं? ‘स्वस्तात मिळतं म्हणून घेते, हे माझं चुकतंय का?’

ताई,

आधी ग्राइंडरचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. तो ग्राइंडर पुन्हा प्लगला लावू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो, म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. त्या वेगाने सुटलेल्या तुकड्यासमोर त्या दिवशी दार होतं. गार्ड असतं ते यासाठीच. पण भंगारात येणाऱ्या ग्राइंडरचं गार्ड बहुधा आधीच कोणीतरी काढून फेकलेलं असतं, अडचणीच्या जागी मशीन घालायला ते आडवं येतं म्हणून. काही जण तर गार्ड काढून चार इंची मशीनला पाच इंची चकती चढवतात. मोठी चकती तेवढ्या फेऱ्यांसाठी बनवलेलीच नसते.

त्या मशीनला बसणारं गार्ड स्पेअरच्या दुकानात मिळालं आणि मेकॅनिकने वायर, बेअरिंग, कार्बन ब्रश तपासून दिले, तर पुढचं बघू. चकती मात्र दर वेळी नवी घ्यायची. तिच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती वाचायची. तिच्यावर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि ओल धरली की कमजोर होतात. मलप्रभा ज्या कणकुंबीला उगम पावते तो तुमचाच तालुका, तिथल्या पावसाचं मी तुम्हाला काय सांगू! पडवीत चार महिने खिळ्याला टांगलेली चकती हाताला सुकी लागली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. आणि ग्राइंडर परत भंगारात द्यायचा ठरलाच, तर वायर बुडाशी कापून द्या. नाहीतर उद्या तो तसाच दुसऱ्या कोणाच्या तरी पडवीत जाईल.

आता तुमचा प्रश्न. तयार संच की भंगार, असे दोनच रस्ते तुम्ही धरलेत. पण तुमच्याच पत्रातला हिशेब जरा वेगळा मांडून बघा. काय टिकलं? पटाशी, रंधा, पट्टी. काय गेलं? सेलमधले ड्रायव्हर, सेलमधली बिटं, जुना ग्राइंडर. टिकलेल्या तिन्ही वस्तू जुन्या आहेत, हाताने चालवायच्या आहेत आणि त्यांच्यात विजेचा संबंध नाही. पटाशीत असतं काय? चांगलं पोलाद आणि त्याला नीट दिलेलं पाणी, म्हणजे तापवून, विझवून आणलेला कडकपणा. ते चाळीस वर्षांपूर्वी नीट दिलेलं असेल तर आजही तसंच आहे, गंज वरवरचा. सेलमधल्या ड्रायव्हरला पैसे वाचवायला जागा एकच असते, ती म्हणजे पोलाद आणि त्याचं पाणी, आणि नेमकं तेच फोटोत दिसत नाही. जुन्या मशीनचं गणित आणखी वेगळं. वायरचं रबर तडकतं, बेअरिंग झिजतं, गुंडाळीत ओल जाते. तिथे काळ वस्तू खातच असतो.

म्हणून ताई, स्वस्तात घेणं चुकलेलं नाही. वस्तू फसली तर नुकसान कशाचं होणार, एवढं आधी बघायला हवं होतं. जुना रंधा बिघडला तर एक संध्याकाळ जाते. फिरणारं, विजेवर चालणारं हत्यार फसलं तर डोळा जातो, बोट जातं. पहिल्या जातीचं हत्यार गुजरीत मनसोक्त शोधा. दुसऱ्या जातीचं दुकानातून, बिलासकट, नवं घ्या. मी एकतीस वर्षं बेळगावच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न बनवले; पॅटर्न म्हणजे साचा पाडायचा लाकडी नमुना. माझ्या पेटीतली निम्मी हत्यारं माझ्या आधी दुसऱ्या कोणीतरी वापरलेली होती; ड्रिल मात्र कधी जुनं घेतलं नाही.

गुजरीत जाताना खिशात तीन वस्तू ठेवत जा : बारीक कानस, लोहचुंबक आणि सहा इंची पट्टी. पटाशीच्या धारेजवळ कानस हलकेच ओढा. घसरली तर पोलाद कडक आहे, कचकन चावली तर मऊ. धारेवर निळा पट्टा दिसला, तर कोणीतरी ती ग्राइंडरवर तापवून पाणी घालवलंय. तेवढा भाग घासून काढेपर्यंत ती धार धरणार नाही. रंध्याचं तोंड बघा, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती फट. तिच्या दोन्ही टोकांना केसाएवढी जरी चीर असली तरी सोडून द्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सांधणं आपलं काम नव्हे. तळ सपाट आहे का ते पट्टीची कड आडवी धरून उजेडाकडे बघितलं की कळतं. पक्कड आणि पान्याचे जबडे उघडझाप करून बघा. दांडा वाकलेला असेल तर त्याच्यावर पाइप घालून जोर लावलेला असतो, नको तो. मूठ तुटकी असली तर उलट बरं. भाव पडतो आणि मूठ आपल्याला बसवता येते. चुंबक कशाला म्हणाल, तर पितळी म्हणून विकल्या जाणाऱ्या ओळंब्यावर आणि बिजागऱ्यांवर तो एकदा लावून बघा. चिकटला तर ते पितळ नव्हे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ज्या मायक्रोमीटरवर, व्हर्नियरवर किंवा पान्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला आहे, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. तो कदाचित रीतसर भंगारातही निघालेला असेल. पण स्टोअरमधून गायब झालेला असेल तर त्याचे पैसे कुठल्यातरी कामगाराच्या पगारातून कापले गेलेले असतात. यजमान उद्यमबागेतच आहेत, त्यांना विचारा.

गंजाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या भागात हत्यार घेणं आणि गंज काढणं ही एकच गोष्ट आहे. पटाशी किंवा रंध्याचं पातं व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे आंबट उरणार नाही, आणि लगेच कोरडं करून शिलाई मशीनचं तेल लावा. हलका गंज चिंचेच्या दाट पाण्यानेही निघतो, वेळ जास्त लागतो एवढंच. तेलात चूक करू नका. आपल्या घरात करडईचं तेल असतं, ते लोखंडाला लावलं की महिन्याभरात चिकट थर धरतं. जवसाचं तेल लाकडी मुठीला फार छान. ते लाकडात मुरून सुकतं आणि मूठ हाताला गोड लागते. पण जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आपोआप तापतं, पेटूही शकतं. पसरून दोरीवर वाळवा, मग फेका.

आता ज्याला मी खरा लाभ म्हणतो ते सांगतो, म्हणजे पैसे न देता मिळणारी हत्यारं. धारेला दगड विकत घेऊ नका. स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंक बसवायला ग्रॅनाइट कापतात, तो मधला तुकडा ग्रॅनाइटवाल्याकडे पडून असतो. मागितला तर बहुधा तसाच देतात. त्याची पॉलिश बाजू घरातल्या कुठल्याही फळीपेक्षा सपाट असते. तिच्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) चिकटवा : आधी २२० नंबर, मग ४००, मग १०००. पटाशीची उतरती बाजू पंचवीस अंशांच्या आसपास धरून घासा. मागची सपाट बाजू पूर्ण टेकवून घासा. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की कितीही घासा, धार येत नाही. सागवानासाठी पंचवीस अंश पुरे. तुमच्याकडचं मत्तीसारखं कठीण लाकूड असेल तर तीसपर्यंत जा, नाहीतर धारेचे दात पडतात.

सायकल पंक्चरवाल्याकडून फाटकी ट्यूब आणा आणि बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. खुर्चीच्या पायाला फेव्हिकॉल लावून सांधा बसवला की ही पट्टी ताणून गुंडाळत जा. वाकड्या, गोल, तिरप्या सांध्याला महागडा क्लॅम्प जिथे घसरतो तिथे ट्यूब घट्ट धरते. सपाट फळ्या जोडायच्या असतील तर जमिनीवर दोन पट्ट्या ठोका आणि मधल्या जागेत समोरासमोर दोन पाचरी मारा. आमच्या शॉपमध्ये जुने मिस्त्री मोठमोठे पॅटर्न असेच आवळायचे.

यजमानांना आणखी एक काम सांगा. पॉवर हेक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं, तुटलेलं पातं, तेही सबंध हायस्पीड स्टीलचं, फोरमनला विचारून एखादा तुकडा आणायचा. धारवाल्याकडून त्याला टोक काढून घ्या आणि मुठीच्या जागी सुतळी गुंडाळा. आखणीसाठी इतका चांगला चाकू दुकानात मिळत नाही. हायस्पीड स्टील घासताना तापलं तरी पटाशीसारखं लगेच मऊ पडत नाही. मात्र ते काचेसारखं तुटतं, पिळू नका. आणि मशिनरी ज्या लाकडी पेट्यांतून येते त्यांचं पाइनचं लाकूड मिळालं तर त्यावरचा शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडीपासून राखलेलं, ते बिनधास्त वापरा. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेलं. ते घरात नको, चुलीत तर मुळीच नको.

पुन्हा आठ हजारांकडे येतो. १०८ नगांच्या खोक्यावरची यादी एकदा शांतपणे वाचा. ड्रिल एक, हातोडी एक, पक्कड एक, टेप एक. मग बाकीचे शंभर कोण? बिटं, ड्रायव्हरची टोकं, रॉल प्लग, स्क्रू. म्हणजे ज्या बिटांनी आणि टोकांनी तुम्हाला एकदा दगा दिला, तीच पुन्हा जास्त संख्येने. संच घेतला की वर्कशॉप पूर्ण होतं असं वाटतं खरं, पण पूर्ण वर्कशॉप मी अजून कुठे पाहिलेलं नाही. हत्यार कामामागे यावं. पुढच्या तीन महिन्यांत काय बनवणार ते कागदावर लिहा आणि त्याला जे अडेल तेवढंच घ्या.

माझा हात त्या पैशाला असता तर मी असं केलं असतं. नावाजलेल्या कंपनीचं साधं १० मिलिमीटरचं ड्रिल, बेळगावच्या दुकानातून, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून. दोन-अडीच हजारांत बसावं. हायस्पीड स्टीलची सुटी बिटं ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटर, बस. लोखंडाला भोक पाडताना वेग कमी ठेवा, तेलाचा थेंब टाकत जा, ती निळी पडणार नाहीत. स्क्रू ड्रायव्हर दोनच : एक दोन नंबरचा फिलिप्स, एक चपटा. नाशिकच्या टपारियासारख्या चांगल्या नावाचे सुटे घ्या. डोळ्यांना गॉगल, बाजूने झाकणारा. आणि पडवीच्या बोर्डाला वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. ओल्या पडवीत करंट जमिनीत उतरायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. हा खर्च हत्यारात दिसत नाही, पण मी तो सगळ्यात आधी करीन. ड्रिल चालवताना ओढणी किंवा पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवलेलं. कापडी हातमोजेही नकोत, बिट त्यांना गुंडाळून हात ओढून घेतं. एवढं करून तीनेक हजार उरावेत. ते तसेच राहू द्या. चांगला रंधा किंवा शिकंजा अचानक समोर येतो तेव्हा हातात पैसे असावे लागतात.

खानापूरहून बेळगावला यायला कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे तुम्हाला तिकीट लागत नाही, त्यामुळे फेरी फुकट वाटते. दिवस मात्र जातो, आणि रिकाम्या हाताने परत जायला नको म्हणून काहीतरी घेतलं जातं. तुमच्या अकरा हजारांत असं किती गेलं असेल, ते तुम्हीच आठवून बघा. यादी घेऊन या. यादीतलं मिळालं नाही तर चहा पिऊन परत जा. भंगारवाल्याकडे संकोच वाटतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. ‘एष्टु री?’ (कितीला हो?) म्हणून कानडीत विचारलं, धार बघितली, कानस ओढून दाखवली की दुसऱ्या खेपेला तो स्वतःच तुमच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवेल. काय शोधताय हे माहीत असलेलं गिऱ्हाईक त्याला आवडतं.

दिरांच्या बोलण्याचा राग मानू नका. चकती दारात रुतलेली त्यांनी पाहिलीय, ती भीती त्या शब्दांतून बोलतेय. ग्राइंडर गेला, आरसीसीबी बसली, हे त्यांना स्वतःहून दाखवा. गुजरी या शब्दाचीही गंमत बघा : आपल्याकडे कानडी वळणाने गुजरी म्हणजे भंगार, आणि कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. त्यांना बसायला पाइनचा एक स्टूल करून द्या. बाकीचं तो स्टूल बोलेल.

राहिली तुमची पट्टी. ‘फळी दर वेळी थोडी मोठीच निघते’ हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हात कच्चा असेल तर फळी कधी मोठी होते, कधी लहान. दर वेळी मोठीच, म्हणजे कारण दुसरं आहे. बेळगाव हे फौंड्रीचं गाव. ओतलेलं बीड थंड होताना शंभराला साधारण एक इतकं आकसतं, पोलाद त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून पॅटर्नवाल्याला पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून त्याच्याकडे मुळातच लांब आकड्यांची पट्टी असते. आम्ही तिला श्रिंकेज स्केल म्हणायचो. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. पॅटर्न शॉप बंद पडलं की या पट्ट्या भंगारात येतात.

आजच बघा. टेप जमिनीवर पसरा आणि पट्टीचा शून्य टेपच्या १० वर ठेवा, कारण टेपच्या टोकाचा पत्र्याचा हुक मुद्दामच थोडा हलता ठेवलेला असतो. पट्टीचा ६० टेपच्या ७० वर आला पाहिजे. तो ७०.६ च्या आसपास आला तर तुमच्या दोन फुटी फळ्या सहा मिलिमीटर का वाढत होत्या ते कळलं, आणि तुमच्या हाताचा त्यात काही दोष नव्हता. बरोबर ७० वर आला तर रेघेच्या कुठल्या बाजूने करवत चालवता ते बघा. टाकून द्यायच्या बाजूने चालवून रेघ अख्खी राहत असेल तर फळी तेवढी मोठी राहते. तोवर पुढच्या फळीला दोन्ही मापं नकोत. बांबूची कामटी खणात धरा, चाकूने खूण करा आणि तीच कामटी फळीवर ठेवून आखा.

पट्टी श्रिंकेजची निघाली तर फेकू नका. दोन्ही टोकांना लाल रंग लावा, म्हणजे चुकून हातात येणार नाही. यजमानांना सांगून उद्यमबागेतल्या एखाद्या पॅटर्नवाल्याला दाखवा. पन्नासाच्या बरंच वर देऊन घेईल तो.